‘टॉप कॅट’ कार्टूनचा पहिला भाग कोणता? त्यात काय घडतं?

‘हवाई हिअर वी कम’. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २७ सप्टेंबर १९६१ ला दाखवला गेला. टॉप कॅट हा गल्लीतल्या मांजरांच्या टोळीचा म्होरक्या. टोळीतल्या बेनीला हवाईची सफर बक्षीस मिळते आणि अख्खी टोळी जहाजात फुकट घुसते. नेमका त्याच जहाजावर सुट्टीला निघालेला, या टोळीच्या कायम मागे असणारा हवालदार डिबल! पुढे नोटांनी भरलेली बॅग हाती लागते, पण नोटा निघतात खोट्या.

कथा तशी बेताचीच, खरी मजा टॉप कॅटच्या गोडबोल्या थापांची. ती ढब ‘द फिल सिल्व्हर्स शो’ या विनोदी टीव्ही मालिकेतल्या सार्जंट बिल्कोवरून उचललेली. आणि बेनीचा आवाज? त्याच मालिकेत डोबरमन नावाचा शिपाई झालेल्या मॉरिस गॉसफिल्डचा! एवढं असूनही ‘टॉप कॅट’ ३० भागांतच आटोपलं.