सशांचं लग्न आणि खुर्चीमागचं कपाट

प्रश्न: माझी भाची अमेरिकेत असते. दिवाळीला येताना तिनं माझ्या चार वर्षांच्या नातवासाठी गार्थ विल्यम्स यांचं ‘द रॅबिट्स वेडिंग’ हे चित्रांचं पुस्तक आणलं. एक काळा ससा, एक पांढरी सशीण, दोघं रानात खेळतात आणि शेवटी त्यांचं लग्न लागतं, एवढीच गोष्ट. भाची म्हणाली, “मावशी, यावर तिकडे एके काळी बंदी होती.” सशाच्या लग्नावर कोण बंदी घालील? आणि पुस्तक एवढं गाजलेलं असेल तर जपून कपाटात ठेवू का पोराच्या हातात देऊ?
– एक वाचक, सेलू

उत्तर: ताई, बंदी नव्हती. जे झालं ते बंदीपेक्षा साळसूद होतं, आणि मी स्वतः तेच केलेलं असल्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पुस्तक १९५८ सालचं. विल्यम्स तेव्हा नावाजलेले चित्रकार होते. ‘शार्लट्स वेब’मधली कोळीण आणि डुकराचं पिल्लू त्यांच्याच हातचं. एक ससा काळा, एक पांढरा का, तर शेजारी शेजारी उठून दिसतात म्हणून. पण पुस्तक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात पोचलं तेव्हा तिथली हवा तापलेली होती. गोऱ्या-काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये दिला होता. त्याच राज्यातल्या माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स या काळ्या बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, आणि काळ्या वस्तीनं ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. शिवाय गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेतच मनाई होती. अशा ठिकाणी सशानं लग्न करायचं!

१९५९ मध्ये वर्णभेदवाद्यांच्या एका वृत्तपत्राची नजर या पुस्तकावर गेली. एडिन्स नावाचे राज्याचे सिनेटर उठले आणि पुस्तक जाळा म्हणाले. विल्यम्स यांनी उत्तर दिलं ते मला फार आवडतं. पांढऱ्या केसांची जनावरं गोऱ्या माणसांची सख्खी नातलग असतात हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं ते म्हणाले.

या गोष्टीतलं खरं माणूस मात्र एमिली रीड. राज्याच्या ग्रंथालय सेवेच्या प्रमुख, कचेरी माँटगोमेरीतच. गावोगावच्या वाचनालयांना पुस्तकं पुरवणं हे त्यांच्या खात्याचं काम. बाईंनी पुस्तक वाचलं, त्यात वावगं काही सापडलं नाही, काढून टाकायला नकार दिला. पण उघड्या फडताळावरून उचलून राखीव ठेवलं. एखाद्या वाचनालयानं मुद्दाम मागितलं तर मिळेल, नाहीतर नाही. तुमच्या भाचीच्या ‘बंदी’चं मूळ हे.

तेवढ्यावर भागलं नाही. त्याच वर्षी रीड यांच्या खात्यानं उत्तम पुस्तकांची यादी पाठवली, तीत मार्टिन ल्यूथर किंग यांचं बसच्या लढ्यावरचं पुस्तक होतं. पुन्हा ओरड. मग विधेयक आलं, की हे पद अलाबामात जन्मलेल्या आणि तिथल्याच विद्यापीठात शिकलेल्या माणसालाच मिळावं. रीड बाहेरगावच्या. आपल्याकडे निजामाच्या राज्यातलं मुल्की-गैरमुल्की, म्हणजे नोकरीत इथला कोण न् बाहेरचा कोण हा वाद, ज्यांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय, त्यांना हे वेगळं उलगडून सांगायला नको. १९६० मध्ये बाई राज्य सोडून वॉशिंग्टनला गेल्या.

आता माझं. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. नामांतराच्या जखमा ओल्याच होत्या. एक आत्मकथन होतं, दलित लेखकाचं, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला लागलेलं. कार्यकारिणीतले एक गृहस्थ ते घेऊन माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, कशाला ठेवायलेत असली पुस्तकं? पोरी वाचायलेत.” वाचनालयाच्या वर्गबदलाची सरकारी तपासणी तोंडावर आलेली, ‘क’ वर्गाचं ‘ब’ झालं की अनुदान वाढणार होतं. मी दाखल नोंदवहीतून पुस्तक खोडलं नाही. माझ्या खुर्चीमागच्या कपाटात ठेवलं आणि मनाशी म्हटलं, मागेल त्याला देईन. स्वतःवर खूशसुद्धा झाले.

तीन वर्षांत दोघांनी मागितलं. दोघंही प्राध्यापक, दोघांनी ते आधी वाचलेलं. त्यापूर्वी दर पंधरा दिवसांनी त्या पुस्तकावर देवघेवीचा नवा शिक्का पडायचा. जी मुलगी फडताळासमोर उभी राहून, पाठीवरची नावं वाचत वाचत पुढं सरकते, ती न दिसणारं पुस्तक कसं मागणार? आणि तुमच्या नातवाच्या वयाचं पोर तर मागूच शकत नाही. रीडबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्यावर आख्खं विधिमंडळ होतं, माझ्यावर एक गृहस्थ. पण कपाटात ठेवलं म्हणजे वाचवलं, असं मी आता म्हणत नाही.

अजून एक सांगते, तुम्ही विचारलं नसलं तरी. १९६२ मध्ये कोर्टाच्या हुकुमानं माँटगोमेरीचं सार्वजनिक वाचनालय काळ्या वाचकांना खुलं करावं लागलं. तेव्हा तिथल्या कारभाऱ्यांनी टेबलं-खुर्च्याच हलवल्या. या खुशाल, पण शेजारी बसायचं नाही. गावातल्या हॉटेलात बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला वेगळा कप ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती रिकामी खोली डोळ्यांपुढे येईल.

लग्नाची मनाई केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच निकालात काढली, तरी अलाबामाच्या घटनेतलं ते कलम मतदानानं निघालं नोव्हेंबर २००० मध्ये. तेव्हासुद्धा शंभरातली चाळीस मतं ते ठेवा म्हणणारी होती. रीड त्याच वर्षी मे महिन्यात वारल्या.

तेव्हा ताई, पुस्तक पोराच्या हातात द्या. चित्रं मोठी आहेत, इंग्रजी वाचू नका, आपल्या बोलीत सांगा. कानात पिवळी फुलं खोवलेले ससे त्याला कळतात. पान फाटलं तर मैद्याची खळ करून पातळ कागदाची पट्टी लावा. आम्ही वाचनालयात कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचो, ते मात्र घालू नका. विषारी असतं, आणि या वयाची पोरं पान चाटतात.