मॅक्युलर डिजनरेशन झाल्यावर माणसाचं रोजचं जगणं किती बदलतं?

तुमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी वयामुळे होणारं मॅक्युलर डिजनरेशन सांगितलंय आणि पुढे कसं होणार, असं तुम्ही विचारलंय. माझ्या आईला हे होऊन सहा वर्षं झाली, म्हणून लिहिते.

आधी एक धास्ती मनातून काढा. या आजारात सहसा पूर्ण अंधार होत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो, कडेचं दिसत राहतं. आई घरभर एकटी फिरते, दारात आलेलं मांजर तिला कळतं. पण जिकडे थेट बघावं, नेमकं तेच पुसलं जातं. पेपर, सुईचं नाक, तांदळातले खडे, समोरच्याचा चेहरा.

त्यातला चेहरा सगळ्यात महागात पडला. देवळात जुनी मैत्रीण हसली, आईने ओळख दिली नाही. "मांजर दिसतं, मी नाही का दिसत?" म्हणून ती रुसली. त्यानंतर आईने भजनाला जाणंच सोडलं. डोळ्यांपेक्षा या संकोचानेच तिला घरात बसवलं, असं मला अजून वाटतं. तेव्हा खोलीत शिरताना आपलं नाव सांगायची सवय घरातल्या सगळ्यांना आजपासूनच लावा.

आणखी एक गोष्ट त्यांना स्वतःहून विचारा. आईला संध्याकाळी भिंतीवर फुलांची नक्षी दिसायची, अंगणात रंगीत कपड्यांतली अनोळखी मुलं दिसायची. आपल्याला वेड लागतंय या भीतीने तिने कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना असं दिसत असल्याचं लिहून ठेवलं होतं. डोळ्यांकडून येणारं चित्र तुटक झालं की मेंदू आपल्या मनची चित्रं भरतो. हे वेड नाही, हे डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा आई रडलीच.

आजार कोरडा आहे की ओला, हे मात्र नक्की विचारून घ्या. ओल्यात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात आणि नजर झपाट्याने जाते. तिथे डोळ्यात इंजेक्शनं वेळेवर द्यावी लागतात. आईला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आम्ही दोन महिने घालवले. त्या डोळ्याची वाचायची नजर परत आली नाही. आता फ्रिजवर चौकटींचा अ‍ॅम्सलर तक्ता लावलाय. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून ती रोज बघते. रेषा वाकडी दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

बाकी घरात थोडंच बदललं. चहा पांढऱ्या कपात, म्हणजे कुठवर भरलाय ते कळतं. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा. फोन आता बोलून सांगतो.

गेल्या श्रावणात ती पुन्हा भजनाला गेली. शेजारी बसणारी प्रत्येक जण आता आधी आपलं नाव सांगते, आणि ती रुसलेली मैत्रीण तर दारातूनच हाक मारते.