घरी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचं इंजेक्शन घेताना काय बघावं?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, वडिलांना नर्स घरी येऊन सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन (हे अँटिबायोटिक) १ ग्रॅम शिरेतून देणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. पहिला डोस शक्यतो दवाखान्यातच घ्या. पेनिसिलिनची किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनच्या गटातल्या (सेफालोस्पोरिन) औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी पूर्वी आली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. टेस्ट डोस (अ‍ॅलर्जी तपासायला आधी दिलेला थोडासा डोस) निगेटिव्ह आला म्हणजे धोका टळला असं नाही, म्हणून डोसनंतर अर्धा तास नर्सला थांबवा. अंगावर गांध्या, ओठांना सूज, धाप, चक्कर: लगेच १०८.

सगळ्यात मोठी चूक औषध कशात विरघळवायचं यात होते. शिरेतून द्यायची व्हायल १० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवून २ ते ४ मिनिटांत हळू देतात. लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) घातलेलं इंजेक्शन फक्त स्नायूत. शिरेत गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. रिंगर लॅक्टेटच्या सलाईनमध्ये तर हे कधीच मिसळू नये, त्यातल्या कॅल्शियममुळे साका बनतो. रिंगर लॅक्टेट दिलेली तीच लाइन (सलाईनची नळी) वापरायची असेल तर आधी नॉर्मल सलाईनने धुऊन घ्यायला सांगा.

ताप उतरला तरी कोर्स स्वतःहून थांबवू नका. जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना कळवा. सुया घरच्या कचऱ्यात नकोत, नर्सकडेच परत द्या.