जुन्या बाजारातलं चित्र

प्रश्न : ताई, रविवारी जुन्या बाजारात एक काळंपांढरं चित्र मिळालं, फ्रेमसकट. जखमी माणसाला घोड्यावरून उतरवतायत, मागं बाई विहिरीचं पाणी काढतीये आणि पुढ्यात चक्क एक कुत्रं शी करतंय! खाली रेम्ब्रांट आणि १६३३ लिहिलंय. गोष्ट कुठली ही? ओरिजिनल असेल का?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : अहो, फार छान चित्र हाती लागलंय तुमच्या! रेम्ब्रांट म्हणजे सतराव्या शतकातला डच चित्रकार. ही बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, लूकच्या दहाव्या अध्यायातली. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एकाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकला, याजक म्हणजे पुरोहित आला तो बघून पलीकडनं गेला, लेवी म्हणजे मंदिरातला सेवेकरी आला तोही गेला, आणि थांबला कोण तर शोमरोनी, ज्यांच्याशी यहुद्यांचं उठणंबसणंसुद्धा नव्हतं. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत आणलं.

तुमच्या चित्रात ते आणल्यानंतरचं आहे. पायऱ्यांवर पाठमोरा उभा राहून उतारशाळेवाल्याशी बोलतोय ना, तोच शोमरोनी. ज्याच्यावर अख्खी गोष्ट त्याचा चेहराच नाही दाखवला, मला हेच सगळ्यात आवडतं. तो दोन दिनार देतो, म्हणजे तेव्हाची दोन दिवसांची मजुरी, आणि म्हणतो जास्त लागले तर परत येताना देईन. पट्टी बांधून निघून जाता आलं असतं की, पण त्याला पुढची काळजी, माणूस बरा होईपर्यंत बघणार कोण. आपल्याकडं २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं तेही अपघातात मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीच, आणि त्यात नाव गुड समॅरिटन, म्हणजे चांगला शोमरोनी, हेच आहे, तेव्हा हायवेवर कुणी पडलेलं दिसलं तर नसती लफडी मागं लागतील म्हणून पुढं जाऊ नका प्लीज.

कुत्र्याला नाक मुरडू नका हं. कुणाचा जीव टांगणीला लागलाय आणि अंगणातलं रोजचं चाललंच आहे, पाणी भरणं काय नि कुत्रं काय, मला तरी ते एकदम खरं वाटतं.

आता ओरिजिनलचं. हे छापचित्र आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईनं रेघा ओढायच्या, मग अ‍ॅसिडनं त्या खोल करायच्या, शाई भरून दाबानं कागदावर छापायचं, अशी ही पद्धत. दाबामुळं चित्राभोवती पत्र्याच्या कडेची खूण उठते. भिंग घेऊन बघा, रेघांऐवजी बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर नंतरची छपाई समजा. खूण दिसली तरी लगेच हुरळू नका, मागाहून केलेल्या नकलांवरही ती असते, जुन्या छापचित्रांच्या जाणकाराला दाखवा आणि तोवर फ्रेम स्वतः उघडू नका, कागद काचेला चिकटलेला असला तर फाटेल.