सक्तीची लष्करी सेवा आणि मध्यमवर्ग: अमेरिकेचा दाखला

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सक्तीची भरती केली आणि युद्धानंतर तिथे भक्कम मध्यमवर्ग उभा राहिला, म्हणून सक्ती मध्यमवर्गाच्या हिताची, असा तुमचा मुद्दा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण श्रेय भलत्यालाच जातंय.

त्या पिढीला वर काढण्यात मोठा वाटा होता १९४४ च्या 'जीआय बिल' कायद्याचा. परतलेल्या सैनिकांची कॉलेजची फी सरकारने भरली, वर निर्वाहभत्ता दिला, घरकर्जाला हमी दिली. सुमारे ७८ लाख जणांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. (दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. कर्ज देणाऱ्या बँका आणि प्रवेश देणारी कॉलेजं, दोन्हीकडे वर्णभेद होता.) फी भरायला आणि कर्जाला हमी द्यायला कुणाला बळजबरीने छावणीत न्यावं लागत नाही.

सक्तीने कमाईचं काय होतं ते व्हिएतनाम युद्धात दिसलं. डिसेंबर १९६९ मध्ये जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम ठरवला गेला. कोण जाणार हे नशिबावर आल्यामुळे तुलना चोख करता आली. अर्थतज्ज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये ती मांडली: सैन्यात गेलेले गोरे तरुण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, न गेलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी कमावत होते. नोकरीतली उमेदीची वर्षं गेली, ती तूट भरून निघायला पुढे बरीच वर्षं लागली. शिवाय कॉलेजात असलेल्यांना बरीच वर्षं सवलत होती. ज्यांना फी परवडली ते सुटले, कामगारांची पोरं गेली. हा अन्याय मला सगळ्यात जास्त खुपतो.

उलट दाखलाही आहे. अँग्रिस्ट यांच्याबरोबर २०२१ चं नोबेल मिळालेले डेव्हिड कार्ड यांनी एका सहकाऱ्यासोबत पोर्तुगालचा अभ्यास केला. तिथे फक्त प्राथमिक शाळा शिकलेल्यांची कमाई शांतताकाळातल्या सक्तीच्या सेवेमुळे ४-५ टक्क्यांनी वाढली; जास्त शिकलेल्यांना काहीच फायदा झाला नाही. म्हणजे मध्यमवर्गाच्या हाती तिथेही काही लागलं नाही.

'सक्तीचं सैन्य स्वस्त पडतं' हेही खरं नाही. अर्थसंकल्पात पगाराचा आकडा लहान दिसतो, कारण बाहेर मिळाली असती ती कमाई आणि हातातला पगार यांतला फरक भरती झालेला पोरगा स्वतः सोसतो. हा छुपा कर आहे, असं १९७० मध्ये गेट्स आयोगाने (सक्तीऐवजी स्वेच्छेचं सैन्य ठेवावं का, हे तपासायला नेमलेल्या) सरकारला स्पष्ट सांगितलं आणि १९७३ मध्ये अमेरिकेने सक्तीची भरती थांबवली.

फिनलंडसारखा देश रशियाच्या सीमेवर राहून सक्ती ठेवतो, ते मला पटतं. पण तो संरक्षणाचा खर्च आहे, आणि तो तसाच मोजावा.