टचपॅडवर बोट असलं की मशीन झोपताना अडकतं

प्रश्न : सर, अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आयटूसी बसवरच्या एका टचपॅडचा लिनक्स ड्रायव्हर लिहिला आहे. स्पर्श झाला की इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा) येतो, त्यावर चालणारा हँडलर ४० मिलिसेकंदांनी चालणारं काम वर्कक्यूत, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, टाकतो आणि ते काम म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घेऊन चिप वाचतं. सस्पेंडमध्ये, म्हणजे मशीन झोपताना, मी तोच म्युटेक्स घेतो, चिपला झोपवतो, रांगेतलं काम रद्द करणारा 'कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक' कॉल करतो आणि मग म्युटेक्स सोडतो. मशीन अधूनमधून झोपता झोपताच अडकतं. सस्पेंडच्या सुरुवातीला २०० मिलिसेकंद थांबवणारा 'एमस्लीप' घातल्यापासून हे बरंच कमी झालं. एवढं पुरे आहे का?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही. तो एमस्लीप आधी काढा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालंय ते.

तुमच्या कॉलच्या नावातलं शेवटचं 'सिंक' पाहा. काम चालू असेल तर ते संपेपर्यंत हा कॉल परतत नाही. काम म्युटेक्ससाठी थांबलेलं, म्युटेक्स सस्पेंडच्या हातात आणि सस्पेंड काम संपायची वाट बघत बसलेला. आता दोघंही हलणार नाहीत.

मग एमस्लीपने फरक का पडला? मेनूतलं 'सस्पेंड' तुम्ही बहुधा टचपॅडनेच दाबता. त्या शेवटच्या स्पर्शाचं काम सस्पेंडच्या तोंडाशी येऊन पडायचं. आता २०० मिलिसेकंदांत ते उरकतं. पण बोट पॅडवर फिरवत ठेवून सस्पेंड करून बघा. ड्रायव्हरच्या साध्या सस्पेंड कॉलबॅकच्या वेळी इंटरप्ट चालूच असतात, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते त्यानंतरच्या 'नो-आयआरक्यू' (इंटरप्टविना) टप्प्यात बंद करतं. त्यामुळे नवी कामं येतच राहतील आणि मशीन पुन्हा अडकेल.

दुरुस्ती क्रमात आहे. आधी 'डिसेबल_आयआरक्यू'ने इंटरप्ट बंद करणं, मग काम रद्द करणं, आणि त्यानंतर म्युटेक्स घेऊन चिप झोपवणं. पहिल्या दोन्ही गोष्टी म्युटेक्सच्या बाहेरच हव्यात. डिसेबल_आयआरक्यूसुद्धा चालू हँडलर संपायची वाट बघतो. उद्या तुम्ही थ्रेडेड (स्वतःच्या थ्रेडमध्ये चालणारा) हँडलर करून त्यात म्युटेक्स घेतलात, तर पुन्हा हाच सापळा. रिझ्युममध्ये, म्हणजे मशीन जागं होताना, क्रम उलटा : आधी चिप जागी करा, इंटरप्ट शेवटी सुरू करा. स्पर्शाने मशीन जागं व्हायला हवं असेल तर इंटरप्ट बंद न करता 'आता काम टाकू नको' असा फ्लॅग लावा, 'सिंक्रोनाइझ_आयआरक्यू'ने चालू हँडलर संपू द्या आणि मगच काम रद्द करा.

कोणीतरी 'म्युटेक्स_ट्रायलॉक' सुचवेल. लॉक मिळाला नाही की सस्पेंडमधून 'ईबिझी' (व्यस्त असल्याची चूक) परत द्यायचं. त्याने अख्खा सस्पेंडच रद्द होतो आणि लॅपटॉप बॅगेत तापत राहतो. माझ्या मते हे अडकण्याहूनही वाईट, कारण निदान अडकलेलं मशीन लक्षात तरी येतं.

तपासणीसाठी 'प्रूव्ह_लॉकिंग' हा पर्याय चालू करून कर्नल बांधा; त्याने लॉकडेप हा लॉक तपासणारा भाग चालू होतो. इंगो मोलनार यांचं लॉकडेप २००६ पासून कर्नलमध्ये आहे. काम आणि सस्पेंड या दोन्ही वाटा वेगवेगळ्या वेळी एकेकदा चालल्या तरी 'सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी'चा (एकमेकांसाठी अडून बसण्याचा) इशारा मिळतो; मशीन अडकायची गरजच नाही. 'सिस'खालच्या पॉवर फोल्डरातल्या 'पीएम_टेस्ट' फाइलमध्ये 'डिव्हायसेस' लिहिलंत तर सस्पेंड उपकरणांपर्यंतच जातो आणि ५ सेकंदांनी परततो. खरंच अडकलं तर बूटच्या वेळी दिलेला 'नो_कन्सोल_सस्पेंड' (झोपतानाही कन्सोल चालू ठेवणारा पर्याय), सिरियल केबल आणि सिसआरक्यू-डब्ल्यू (अडकलेले थ्रेड दाखवणारी कळ) यांनी कोणता थ्रेड कुठे थांबलाय ते दिसतं.

आता तुम्ही न विचारलेलं. ड्रायव्हर काढून टाकणारं 'रिमूव्ह' फंक्शन उघडा. सस्पेंड ज्याने असा लिहिला, त्याने तिथेही म्युटेक्सच्या आतूनच काम रद्द केलेलं असतं, असं मी बरेचदा पाहिलंय. कोणी म्हणेल, काम फ्रीझ होणाऱ्या वर्कक्यूत टाका. सिस्टीम सस्पेंडपुरता तो उपाय चालतो, कारण ती रांग कॉलबॅकच्या आधीच गोठते. पण रिमूव्हमध्ये काही गोठत नाही. शिवाय अशा रांगेवर रद्द करण्याऐवजी काम पुरं होईपर्यंत थांबणारा 'फ्लश_डिलेड_वर्क' वापरलात, तर बाकी राहिलेल्या कामासाठी सस्पेंड थांबून राहील, आणि रांग वितळते ती रिझ्युम झाल्यावर. तिथे म्युटेक्स शोधत बसू नका, कारण त्या अडकण्यात म्युटेक्स नसतोच.