इंग्लंडमध्ये सहावीच्या सॅट्समध्ये (प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या देशपातळीवरच्या परीक्षांत) मुलाला गणितात ९८ मिळाले, पण खाली ‘अपेक्षित पातळी गाठली नाही’ असं लिहिलंय. हे कसं?

कारण ते ९८ टक्के नाहीत आणि पेपरात मिळालेले गुणही नाहीत. आपल्या डोक्यात ‘शंभरपैकी’ इतकं घट्ट बसलंय की बहुतेक पालकांचा घोळ इथेच होतो.

गणिताचे तीन पेपर असतात : ४०, ३५ आणि ३५, एकूण ११० गुण. मिळालेले गुण मग ८० ते १२० च्या मोजपट्टीवर बसवतात. त्यावर १०० म्हणजे अपेक्षित पातळी. मूळ किती गुणांना १०० धरायचे, ते पेपर किती अवघड होता त्यावर दरवर्षी ठरतं. म्हणजे तुमच्या मुलाची पातळी थोडक्यात हुकली, एवढंच. नापास वगैरे भानगड यात नाहीच.

वाचन आणि व्याकरण-स्पेलिंगचे आकडे वेगळे येतात. लेखनाला पेपर नसतो, ते शिक्षक वर्गातल्या कामावरून ठरवतात.

प्रवेशाची चिंता सोडा. सरकारी माध्यमिक शाळा कोणती, ते १ मार्चच्या सुमारासच कळतं. या परीक्षा मेमध्ये आणि निकाल जुलैत. (ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा; त्यांची ‘इलेव्हन प्लस’ ही प्रवेश परीक्षा निराळी.) काही शाळा सातवीत गट पाडताना हे आकडे बघतात, तेवढं मात्र नव्या शाळेत विचारून घ्या.